समाजशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे

विद्यार्थीमित्रहो, शालान्त परीक्षेनंतर तुमच्यापैकीं कांहींजण महाविद्यालयांत जातील व तेथें समाजशास्त्र हा विषय त्यांच्यापुढें येईल. आपण जन्मापासून समाजांतच राहतों; मग त्याचें शास्त्र तें काय शिकावयाचें, असें कोणास वाटेल. या शंकेचें उत्तर इरावतीबाई कर्वे यांच्या चरित्रांत सांपडतें.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजीं ब्रह्मदेशांत झाला व तेथील इरावती नदीवरून त्यांचें नांव ठेवण्यांत आलें. सातव्या वर्षीं त्या शिक्षणासाठीं पुण्यास हुजूरपागेंत आल्या आणि पुढें रँग्लर परांजपे यांच्या घरीं मुलीप्रमाणें वाढल्या. मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखालीं समाजशास्त्राचा अभ्यास करून १९२८ सालीं त्या एम्. ए. झाल्या. त्यांनीं परदेशीं जावें यास सासरे महर्षि कर्वे यांची संमति नव्हती. पति दिनकरराव मात्र पाठीशीं उभे राहिले.

बर्लिन येथील त्यांचे गुरु ऑयगेन फिशर हे गोऱ्या वंशाचें श्रेष्ठत्व मानणारे होते. मानवी कवटीच्या दोन्ही बाजू अगदीं सारख्या नसतात. या फरकाचा वंशाशीं संबंध आहे काय, हें इरावतीबाईंना तपासावयाचें होतें. त्यांनीं कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाहीं, असें निर्भयपणें लिहिलें. परमुलखांतील एका विद्यार्थिनीनें गुरूच्या मताहून सत्यास अधिक मान दिला.

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत होत्या. भारतांतील नातेसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. उत्तर भारतांतील बहुतेक हिंदु कुटुंबांत मामाची मुलगी म्हणजे बहीणच. दक्षिणेंत पुष्कळ ठिकाणीं तिच्याशींच विवाह इष्ट मानतात. महाराष्ट्रांत दोन्ही चालींचा संगम दिसतो. एका घरीं जें स्वाभाविक, तें दुसऱ्या घरीं निषिद्ध असूं शकतें, हा समाजशास्त्राचा पहिला धडा होय.

कोयना धरणामुळें घरेंदारें गमावलेल्या लोकांचीही त्यांनीं पाहणी केली. ती १९६९ सालीं प्रसिद्ध झाली. आपल्या घरीं दिवा लागतो, तेव्हां कोणाच्या घरीं अंधार झाला, हेंही या शास्त्रानें विचारावयाचें असतें. ११ ऑगस्ट १९७० रोजीं इरावतीबाई निवर्तल्या.

शेजाऱ्यावर प्रीति करावी, असें आपण प्रार्थनेच्या वेळीं नित्य ऐकतों. पण शेजारी कसा जगतो, हें समजून घेतल्यावांचून ती प्रीति अपुरीच राहते. मुलांनो, तें समजून घेण्याची संवय आजपासून लावून घ्या.