टोपी न काढणारा विल्यम पेन

फिलाडेल्फियात रेसिडेन्सी करत असताना रात्रपाळी संपवून बाहेर पडलो की सिटी हॉलच्या माथ्यावरचा ३७ फुटी पुतळा दिसे. डोक्यावर रुंद काठाची टोपी. कित्येक महिने मी त्याला बेंजामिन फ्रँकलिनच समजत होतो! वॉर्डातल्या एका आजोबांनी हसून माझी चूक सुधारली. तो विल्यम पेन, आणि ती टोपी उगाच नाही.

पेनचा जन्म १६४४ चा, लंडनचा. वडील ॲडमिरल, राजाच्या मर्जीतले. मुलाने दरबारात नाव काढावे ही त्यांची इच्छा. चिरंजीव ऑक्सफर्डमधून काढले गेले आणि पुढे क्वेकर झाले. क्वेकरांना पुरोहित नको, विधी नको. एकत्र बसून मौन धरायचे. न्यायाधीशासमोर टोपी काढायची नाही, राजालाही अरे-तुरे करायचे. वडिलांचे काय झाले असेल, याची आपण आईबाप कल्पना करू शकतो.

तेव्हा इंग्लंडमध्ये राजमान्य चर्चबाहेर प्रार्थनेला जमणे गुन्हा होता. हजारो क्वेकर तुरुंगात गेले, शेकडो तिथेच दगावले. १६७० साली सभागृहाला कुलूप दिसल्यावर पेन रस्त्यावरच बोलू लागला आणि पकडला गेला. ज्यूरीने त्याला दोषी ठरवायला नकार दिला, तर न्यायाधीशाने ज्यूरीलाच उपाशी कोंडले! तरी ती माणसे बधली नाहीत.

इंग्लंडमध्ये आपल्या लोकांना थारा नाही, हे पेनने ओळखले. राजाकडे वडिलांचे १६,००० पौंड येणे होते. त्याबदली १६८१ साली त्याने अमेरिकेतली जमीन मागून घेतली, तेच पेनसिल्व्हेनिया.

पुढच्या वर्षी तो 'वेलकम' जहाजाने निघाला. सुमारे १०० प्रवासी, आणि वाटेत देवीची साथ. ३० च्या आसपास माणसे समुद्रातच गेली. पेनला लहानपणीच देवी येऊन गेल्या होत्या, म्हणून तो बचावला. लस निघायला अजून शंभराहून अधिक वर्षे होती. डॉक्टर म्हणून मला हा प्रवास फार अस्वस्थ करतो. मेलेल्यांपैकी कितीजण केवळ निर्धास्तपणे प्रार्थना करता यावी म्हणून घर सोडून निघाले असतील?

इथे त्याने लेनापे लोकांना मोबदला देऊन जमिनी घेतल्या. एक ईश्वर मानणाऱ्या कुणालाही उपासनेसाठी छळायचे नाही, असा कायदा केला. सरकारी पद मात्र ख्रिश्चनांनाच. म्हणजे आपल्या गणपतीबाप्पाला त्या कायद्यात कितपत जागा मिळाली असती, शंकाच आहे. घटनेतली धर्मस्वातंत्र्याची दुरुस्ती १७९१ ची. आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. स्वातंत्र्याच्या या पुरस्कर्त्याने गुलाम बाळगले होते. जर्मनटाउनच्या काही क्वेकरांनी १६८८ मध्येच गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला होता, तरीही.

पेन इथे दोन खेपा मिळून जेमतेम चार वर्षे राहिला. कारभाऱ्याने फसवल्याने उतारवयात कर्जापायी तुरुंग पाहिला. १७१२ साली त्याला पक्षाघाताचे झटके आले आणि स्मृती गेली. अशा पेशंटच्या घरी काय चालते ते मी रोज पाहतो. त्याची पत्नी हॅना नवऱ्याची शुश्रूषा, मुले आणि समुद्रापलीकडची वसाहत, सगळे सांभाळत राहिली. १७१८ मध्ये तो गेला. वसाहतीचा कारभार मात्र तिनेच पुढे १७२६ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत पाहिला.