मनगटाचे डॉक्टर कॉलिस

मैत्रिणींनो, पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावर घसरले, तळहात टेकला अन् मनगट मोडलं. उमरेडच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, कॉलिस फ्रॅक्चर. हे कॉलिस कोण, ते मग बसल्या बसल्या वाचून काढलं.

अब्राहम कॉलिस आयर्लंडचे, जन्म १७७३ चा. डब्लिनच्या शल्यचिकित्सा महाविद्यालयात १८०४ ते १८३६ पर्यंत त्यांनी शिकवलं. तेव्हा अशा दुखण्याला मनगट निखळलं असंच समजत. कॉलिसांनी १८१४ साली लेख लिहून दाखवलं, की सांध्याच्या थोडं वर हाड मोडलेलं असतं. एक्स-रेचा शोध १८९५ चा! त्यांनी हात ओढून धरून, बोटांनी चाचपून हे ओळखलं. १८३९ मध्ये देऊ केलेला सरकारी किताब त्यांनी घेतला नाही. १८४३ मध्ये ते वारले.

हात ताणला की सांध्यावरचा दाब कमी होऊन हाड जागेवर बसवता येतं. पण प्लास्टरमध्ये सूज चढली की आतला दाब वाढतो, नस दबते. माझी बोटं बधिर झाली, तरी सण तोंडावर म्हणून मी रात्रभर अंगावर काढलं. सकाळी प्लास्टर कापून सैल केलं, तेव्हा जिवात जीव आला.

पाळी गेल्यावर आपली हाडं ठिसूळ होतात. प्लास्टरमधल्या बोटांना मुंग्या आल्या, ती सुजली किंवा निळी पडली, तर लगेच दवाखाना गाठा. कॉलिसांनी दुसऱ्यांच्या हाताचं ऐकलं, आपण निदान स्वतःच्या हाताचं तरी ऐकू या!