शिरूरचे कुलकर्णी श्रीसंत निळोबाराय

शिरूर गावाला घोडनदी असेही म्हणतात. गाव नदीच्या काठी वसले, म्हणून नदीचेच नाव त्याला पडले. अलीकडे पुणे जिल्हा. पूल ओलांडला की अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचे अहमदनगर. ह्या गावावरून नगरकडे रात्रंदिवस वाहने धावत असतात. आपल्या संतमालिकेतला शेवटचा मणी ह्याच गावच्या कुलकर्ण्यांच्या घरी सापडला, हे त्या धावणाऱ्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल? बाहेरच्यांचे सोडा. सप्ताहाला बसलेल्या मंडळींत विचारले तरी निम्मे लोक पिंपळनेरचे नाव घेतात. तेही खोटे नाही, निळोबाराय पिंपळनेरचेच झाले. परंतु शिरूर त्यांनी कां सोडले, ह्यात त्यांच्या चरित्राचा गाभा आहे, आणि तोच आज सांगावयाचा आहे.

निमित्त असे झाले. मागे शिरूर तालुक्यातल्या एका गावी सप्ताहात माझी सेवा होती. कीर्तन आटोपून मी उपरणे घडी करीत होतो, तो एक तरुण जवळ आला. गळ्यात नवीन माळ, रांजणगावच्या कारखान्यात कामाला. म्हणाला की महाराज, माळ घातली, पहाटे उठून हरिपाठ म्हणायचे ठरविले. आठ दिवस चालते, मग पाळी बदलते आणि सगळे मोडते. रात्री घरी आले की हात मोबाईलकडे जातो, झोप उशिरा, जाग उशिरा. नेम टिकावा कसा? मी त्याला काहीतरी थातुरमातुर सांगितले. मन घट्ट कर, माउली पाहून घेतील, असेच काही. एस.टी.त बसलो आणि मनाला चुटपुट लागली. चाळीस वर्षे कीर्तन करतो, आणि एका पोराने खरा प्रश्न विचारला तेव्हा जिभेवर नुसते गूळपाणी! त्याचे उत्तर तर त्याच्याच तालुक्यात साडेतीनशे वर्षांपूर्वी एका कुलकर्ण्याने देऊन ठेवले आहे.

निळोबारायांचे घराणे मकाशीर. वडिलांचे नाव मुकुंदपंत, आईचे राधाबाई, पत्नीचे मैनाबाई. शिरूरचे कुलकर्णीपण वंशपरंपरेने ह्या घरी होते. कुलकर्णी म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावे लागते, कारण 1950 च्या कायद्याने ती वतने गेली. गावातल्या प्रत्येक शेताची नोंद, कोणाकडे किती सारा आला, किती राहिला, बाकी कोणाची, सूट कोणाला, हे सारे कुलकर्ण्याच्या दप्तरात. पाटील गावाचा मुख्य, पण पाटलाचा शब्द कागदावर उतरवणारा हात कुलकर्ण्याचा. त्याबद्दल जमीन आणि गावातले हक्क मिळत. वतन ही पोटाची सोय होती, आणि त्याहून अधिक ती प्रतिष्ठा होती. वतनासाठी भाऊ भावाचा वैरी होई, पिढ्यान् पिढ्या कज्जे चालत. हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढे निळोबांनी जे केले त्याची किंमत कळेल.

शिरूरजवळ रामलिंगाचे स्थान आहे. आजही महाशिवरात्रीला तेथे यात्रा भरते. निळोबांचा नेम असा, की सकाळी स्नान करून रामलिंगाची पूजा करावयाची, आणि ती सांग झाल्यावाचून दुसऱ्या कामाला हात लावावयाचा नाही. आता कोणी म्हणेल, विठ्ठलाचा एवढा मोठा भक्त आणि पूजा शंकराची? अहो, पंढरीच्या पांडुरंगाने मस्तकी शिवलिंग धारण केले आहे असे आपणच सांगतो ना? हरिहरांत भेद करणाऱ्याला आपल्या संप्रदायात जागा नाही. असो.

नेम चालला होता, आणि कुलकर्णीपणही चालले होते. दोन्ही एकाच घरात कितीतरी दिवस गुण्यागोविंदाने नांदतात असे वाटते. पण एके दिवशी दोघांची गाठ पडतेच. संप्रदायात सांगतात ते असे. निळोबा पूजेत असता सरकारी अंमलदार गावात आला. हिशेब पाहावयाचा होता, म्हणून कुलकर्ण्याला बोलावणे धाडले. निळोबांनी सांगून पाठविले की पूजा आटोपली की येतो. अंमलदारच तो, त्याला कुठला धीर? पुन्हा शिपाई आला, आणि अर्ध्या पूजेतून त्यांस उठावे लागले. काम झाले असेल, हिशेबही जुळला असेल. निळोबा घरी परतले ते मात्र मनाशी निराळाच हिशेब करीत.

इथे थोडे थांबू या. तुमच्याआमच्यासारखा असता तर काय केले असते? दोनच गोष्टी. एक, पूजा जरा लवकर उरकण्याचा निश्चय केला असता, आणि चार दिवसांनी तो मोडला असता. किंवा दुसरी, नोकरीधंदा म्हटला की असे व्हायचेच, देव काही रागावत नाही, असे म्हणून पूजा रात्रीवर ढकलली असती, मग एकादशीवर, मग म्हातारपणावर. निळोबांनी ह्यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी नेमाला दोष दिला नाही आणि मनालाही दिला नाही. नेमाच्या वाटेत आडवे काय येते ते पाहिले, आणि ते उचलून बाजूला ठेवले. कुलकर्णीपण सोडले. दप्तर दिले, हक्क दिले, मान दिला. भांडण नाही, गाऱ्हाणे नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलपणाची तक्रार करतो, तेव्हा भगवंत त्याला अभ्यास आणि वैराग्य अशी दोन साधने सांगतात. पतंजलींच्या योगसूत्रातही ही जोडी अशीच आहे. आम्ही पाठशाळेत असताना गुरुजी म्हणत की ही पाखराची दोन पंखे आहेत. आम्ही मुले मान डोलवीत असू, कळत काही नव्हते. आज कळते. एखादी गोष्ट रोज करणे हा अभ्यास, आणि तिला अडवणाऱ्या गोष्टीची चव सुटणे हे वैराग्य. आपण सगळे एका पंखाने उडू पाहतो. पहाटे उठण्याचा निश्चय करतो, पण रात्रीचे जागरण सोडीत नाही. साधे राहावयाचे म्हणतो, पण लग्नात मांडव शेजाऱ्याच्या मांडवाहून चार खांब मोठा पाहिजे. पतंजली अभ्यासाच्याही अटी घालतात. तो पुष्कळ काळ चालला पाहिजे, खंड न पडता चालला पाहिजे, आणि आदराने झाला पाहिजे. ही तिसरी अट आपण विसरतो. उरकलेला हरिपाठ आणि म्हटलेला हरिपाठ ह्यांत अंतर आहे, बरं का.

म्हणून मैनाबाईंचेही नाव ह्या ठिकाणी घेतले पाहिजे. नवऱ्याने घरात येणारे धान्य बंद केले, आणि ती माउली त्यांच्याबरोबर निघाली. चरित्रे सांगणारे आम्ही लोक हे एका ओळीत उरकतो. चूल कोणाला पेटवायची होती?

वतन सोडल्यावर निळोबा पंढरीस गेले, क्षेत्रे हिंडले. फिरत फिरत देहूला आले. तुकोबाराय 1650 साली वैकुंठाला गेले होते, त्याला आता बरीच वर्षे लोटली होती. देहूत तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज होते. हेच ते नारायणमहाराज, ज्यांनी 1685 मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीच्या वारीला नेल्या. आज दौंड तालुक्यात यवत-वरवंडला ज्या पालखीपुढे आपण लोटांगण घालतो, तिची सुरुवात त्यांची. त्यांच्या तोंडून निळोबांनी तुकोबांचे चरित्र ऐकले, आणि एकच ध्यास लागला की अनुग्रह घ्यावयाचा तर ह्यांचाच. पण गुरू तर देहाने नाहीत! तुकोबांना तरी बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नातच झाला होता ना? मग निळोबांनी तोच मार्ग धरला. अन्नपाणी टाकून तुकोबांच्या दर्शनासाठी धरणे धरून बसले.

ह्या प्रसंगाची कथा कीर्तनात आम्ही रंगवून सांगतो. निळोबांचा निर्धार पाहून प्रत्यक्ष पांडुरंग आले, आणि निळोबांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. मी तुम्हांला बोलाविले नव्हते, मला तुकोबा पाहिजेत, असा त्यांचा भाव. श्रोते इथे हमखास टाळ्या वाजवतात. पण माझ्या मते टाळीची जागा ती नव्हे. देव समोर आला असता जो आपले मागणे बदलीत नाही, त्याचे अवधान किती एकवटलेले असेल ह्याचा विचार करा. आपल्यापुढे देव नको, साधी घंटा वाजली की पुरे. हातातली माळ एकीकडे आणि डोळे भलतीकडे. शेवटी तुकोबांनी दर्शन दिले, रामकृष्णहरि मंत्र दिला, असे परंपरा सांगते. तेथून पुढे निळोबांच्या वाणीला अभंग फुटला.

मग ते पारनेर तालुक्यातल्या पिंपळनेरला राहिले. शिरूरहून हा टप्पा एका दिवसाच्या चालीचा. अंतर थोडे, पण आयुष्य पालटले. तेथे त्यांनी मठाचा थाट मांडला नाही, की संसार टाकून गुहेत बसले नाहीत. बायकामुलांत राहिले. भजन, कीर्तन, पंढरीची वारी, आणि दारी आलेल्याला अन्न, एवढाच दिनक्रम. जुनी माणसे ज्याला दिवस लावून घेणे म्हणतात ते हेच.

काळ काही निवांत नव्हता. निळोबांच्या हयातीतच मोगल बादशहा फौजफाटा घेऊन दक्षिणेत उतरला, आणि पाव शतकाहून अधिक काळ हा मुलूख तुडविला गेला. 1689 मध्ये संभाजीराजांची हत्या झाली, ती ह्याच भागात, भीमा-इंद्रायणीच्या परिसरात. शिरूर तालुक्यातले वढू तेव्हापासून तीर्थ झाले. पुढे 1707 मध्ये औरंगजेब नगरजवळ मेला, पिंपळनेरपासून फार दूर नाही. अशा दिवसांत कोणाचे पीक घरात येईल आणि कोणाचे घोड्यांच्या तोंडी जाईल ह्याचा नेम नव्हता. त्या धामधुमीत एक गृहस्थ रोज वीणा गळ्यात घालून उभा राहतो. आपण म्हणतो, आमचा काळ फार धकाधकीचा. असेल बुवा.

मुलीच्या लग्नाची गोष्ट तेवढी सांगितल्यावाचून पिंपळनेर सोडवत नाही. लग्न ठरले, घरात शिलकी काही नाही. निळोबांनी कर्जाचा कागद केला नाही, पूर्वीच्या वतनाची ओळख घेऊन कोणाच्या दारात गेले नाहीत. आपल्या भजनात राहिले. आणि सांगतात की एक गडी आला, विठू म्हणून नाव सांगितले, कामाला लागला. पाणी भरले, सामान आणले, पंगती वाढल्या, उष्टी काढली. कार्य पार पडले आणि गडी कोठे गेला ते कळले नाही. भाविकाला हा गडी कोण ते सांगावे लागत नाही. चिकित्सा करणारा म्हणेल की गावच्या लोकांनी मिळून लग्न उभे केले असेल. मला त्याच्याशी वाद घालावयाचा नाही. गावाच्या हातांत पांडुरंग शिरला असे म्हटले तर कोणाचे काय बिघडले? पण मी पाहतो, आमच्या भागात उसाचे पैसे हातात यायच्या आत मांडवात, वाजंत्रीत, जेवणावळीत जातात, आणि वर शेत गहाण पडते. नवरानवरी हळदीच्या अंगाने हप्ते फेडू लागतात. निळोबांच्या मांडवाला कर्जाचा खांब नव्हता, हे ह्या कथेत कोणी फारसे सांगत नाही, म्हणून सांगितले.

निळोबांचे अभंग गाथारूपाने आपल्यापाशी आहेत. त्यांत भाषा तुकोबांसारखी अंगावर येत नाही. ती शांत आहे, हिशेबनिसाच्या अक्षरासारखी नीटनेटकी आहे. काही पंडित ह्याला उणे मानतात. मी मानीत नाही. रोज म्हणावयाची वस्तू अशीच असावी लागते. आपल्या संप्रदायात कीर्तनाला अभंग घ्यावयाचा तो ज्ञानोबारायांपासून निळोबारायांपर्यंतच्या संतांचा, अशी मर्यादा आहे. म्हणजे दार बंद करण्याचा मान शिरूरच्या ह्या कुलकर्ण्याला मिळाला. त्यांचे शिष्य शिऊरचे शंकरस्वामी, त्यांच्यापुढे मल्लाप्पा वासकर, आणि तेथून वासकरांचा फड. वारीत शिस्तीने चालणारी दिंडी पाहिली की मला त्या अर्धवट राहिलेल्या पूजेची आठवण होते.

फाल्गुन शुद्ध द्वितीयेला निळोबारायांची पुण्यतिथी. समाधी पिंपळनेरला आहे, आषाढीला तेथून त्यांची पालखी पंढरीला जाते. तुकोबांची बीज त्याच महिन्यातल्या वद्य द्वितीयेला. एक पंधरवडा गुरुशिष्यांच्या मध्ये.

यंदा पुण्यतिथीला पिंपळनेरास जावयाचे योजिले आहे. वाटेत शिरूरला उतरेन. त्या तरुणाची पाळी कोणती आहे ते विचारीन, दिवसपाळी असेल तर कोणता अर्धा तास त्याला कोणी मागत नाही आणि रात्रपाळी असेल तर कोणता, हे त्याच्याशी बसून ठरवीन. रात्री तो मोबाईल घरात कोठे ठेवता येईल तेही विचारावयाचे आहे. आणि जमले तर त्याला रामलिंगाला घेऊन जाईन.