धर्मग्रामाची तिजोरी उघडणारे आल्फोन्स देजार्दँ

आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडला की आपल्या घरोघरी दोन हिशेब सुरू होतात. एक आत्म्याचा. प्रायश्चित्त संस्कार घ्यायचा, नाताळची नोव्हेना करायची, कोणाशी अबोला असेल तर तो सोडायचा. दुसरा खिशाचा. कपडे, गोडधोड, घराला रंग आणि पाठोपाठ जानेवारीतली लग्नसराई. पहिल्या हिशेबासाठी आपण धर्मगुरूंकडे जातो. दुसरा मात्र चार भिंतींच्या आत दडवून ठेवतो आणि तो जुळेनासा झाला की गुपचूप कोणाचे तरी दार ठोठावतो. हा दुसरा हिशेबही चर्चच्या आवारात, चारचौघांत आणणाऱ्या एका प्रापंचिक माणसाची ओळख आज करून देत आहोत. त्यांचे नाव आल्फोन्स देजार्दँ.

कॅनडाच्या क्विबेक प्रांतात फ्रेंच बोलणाऱ्या कॅथॉलिकांची मोठी वस्ती. तेथे सेंट लॉरेन्स नदीच्या काठी, क्विबेक शहराच्या समोरच्या तीरावर, लेव्ही हे गाव आहे. आल्फोन्स यांचा जन्म तेथे ५ नोव्हेंबर १८५४ रोजी झाला. पंधरा भावंडांतले ते आठवे. घरची परिस्थिती बेताचीच होती. लेव्हीच्या कॉलेजात काही वर्षे शिकून त्यांनी नोकरी धरली, मग वृत्तपत्रांत काम केले, प्रांताच्या विधिमंडळातील भाषणांचे वृत्तान्त छापले. १८७९ साली त्यांचे दोरिमेन यांच्याशी लग्न झाले. दोघांना दहा मुले झाली, त्यांतली तीन लहानपणीच दगावली. १८९१ साली आल्फोन्स यांनी स्वतःचे वर्तमानपत्र काढून पाहिले. ते काही महिन्यांतच बंद पडले. पुढच्या वर्षी ओटावा येथील संसदेत फ्रेंच भाषणे लघुलिपीत टिपून घेण्याची नोकरी त्यांना मिळाली. दुसऱ्यांचे बोलणे मुकाट्याने लिहून घेणे एवढेच त्यांचे काम होते. देवाने त्यांना गाठले ते याच कामात, असे आम्हाला वाटते.

६ एप्रिल १८९७. उपवासकाळातील मंगळवार होता. त्या दिवशी मॉन्ट्रियलचे खासदार क्विन सावकारीविरुद्ध बोलायला उभे राहिले. त्यांनी एका माणसाचे उदाहरण दिले. दीडशे डॉलरचे कर्ज घेतलेल्या त्या माणसावर व्याजापोटी पाच हजार डॉलर भरण्याची पाळी आली होती. सभागृहातील इतरांनी ऐकले आणि बहुधा विसरून गेले. लिहून घेणाऱ्याला मात्र ते आकडे सोडीनात. मोठ्या बँका मजुराला आणि छोट्या शेतकऱ्याला दारात उभे करीत नसत. घरात आजारपण आले, गाय मेली, पीक बुडाले की सावकाराखेरीज गती नव्हती. कित्येक कुटुंबे गाव सोडून अमेरिकेतील कापडगिरण्यांची वाट धरीत.

देजार्दँ पुढची तीन वर्षे अभ्यासाला बसले. दिवसा संसदेतली नोकरी, फावल्या वेळात वाचन आणि युरोपातील पतपेढीवाल्यांशी पत्रव्यवहार. जर्मनीतील रायफायझन हे प्रॉटेस्टंट आणि इटलीतील लुझ्झाती हे यहुदी, पण दोघांनीही गरिबांसाठी पेढ्या उभ्या केल्या होत्या. देजार्दँ यांनी दोघांकडूनही हवे ते घेतले. पोप तेरावे लिओ यांचे कामगारांविषयीचे परिपत्रक १८९१ साली प्रसिद्ध झाले होते आणि श्रमिकांनी आपल्या संस्था आपणच उभाराव्यात हा त्यातील विचार त्यांच्या मनात घर करून होता.

६ डिसेंबर १९०० रोजी लेव्हीमध्ये सभा भरली आणि त्या संध्याकाळी शंभरावर माणसांनी सह्या केल्या. आगमनकाळाचा पहिलाच आठवडा होता आणि दिवस होता संत निकोलस यांच्या सणाचा. मुलींच्या लग्नासाठी गरीब बापाच्या खिडकीतून रात्री सोन्याची थैली टाकणारे संत, अशी त्यांची कथा आपण मुलांना सांगतो. देजार्दँ यांनी हा दिवस मुद्दाम निवडला की नाही हे आम्ही सांगणार नाही. मात्र एक फरक नजरेत भरतो. संत निकोलस यांनी थैली बाहेरून दिली. लेव्हीच्या लोकांनी ती आपसांत भरायची ठरवली.

संस्थेच्या फ्रेंच नावाचा अर्थ लोकांची तिजोरी असा होतो. २३ जानेवारी १९०१ रोजी तिच्यात पहिला पैसा पडला. पहिली रक्कम होती दहा सेंट. दिवसअखेर जमले एकूण २६ डॉलर ४० सेंट. नाताळचा खर्च नुकताच होऊन गेलेला आणि राखेचा बुधवार चार आठवड्यांवर आलेला. वर्षातल्या सर्वांत रिकाम्या खिशाच्या दिवसांत हे घडले याचे आम्हाला विशेष वाटते. आपण बचत करू म्हणतो ती नेहमी पुढच्या वर्षी, हातात चार पैसे जास्त आल्यावर!

पेढीचे नियम साधे होते. एक भाग पाच डॉलरचा, पण तो आठवड्याला दहा सेंट देऊनही पुरा करता येई. कितीही भाग असले तरी मत एकच. कर्ज फक्त सभासदाला आणि तेही कशासाठी हवे ते सांगूनच. अडीअडचणीला, औजाराला, बियाण्याला मिळे; चैनीला नाही. तारण म्हणून जमीन किंवा दागिने मागण्यापेक्षा माणसाची नीती पाहिली जाई. आता नीती कोणाला दिसते? जे त्याला रविवारी मिस्साला भेटतात, ज्यांच्या मुलांसोबत त्याची मुले धर्मशिक्षणाला बसतात, जे त्याच्या शेताच्या बांधाला लागून राहतात, त्यांना. म्हणूनच देजार्दँ यांनी पेढीची हद्द धर्मग्रामाएवढीच ठेवली. शहरातल्या बँकेला जे कळणे शक्य नव्हते ते धर्मग्रामाला आधीच ठाऊक होते. अनेक ठिकाणी धर्मगुरूच पुढाकार घेत आणि वेदीवरून लोकांना पेढीची माहिती देत. शाळेतल्या मुलांचीही बचत सुरू झाली.

या सगळ्यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. संसदेचे अधिवेशन सुरू झाले की देजार्दँ महिनोन् महिने ओटावाला असत. तेव्हा पेढी सांभाळत त्या दोरिमेनबाई. मोठा संसार, मुलांचे आजार आणि त्यात दाराशी येणारे ठेवीदार. हिशेबाच्या वह्या त्याच लिहीत. कागदोपत्री कारभार पतीच्या नावे होता, हात मात्र त्यांचे. आणि धोका दोघांचा होता. अशा संस्थेला कायद्याचे संरक्षण तोवर नव्हते. पेढी बुडाली असती तर लोकांचे पैसे देजार्दँ कुटुंबाच्या गळ्याशी आले असते. दोरिमेनबाईंना ही भीती सतावत होती आणि ती अनाठायी नव्हती. गरिबांसाठी काही करायचे म्हणून आपली मुले उघड्यावर टाकायची का, हा प्रश्न श्रद्धावंत माणसालाही पडतो, पडायलाच हवा. पतीची निराशाही एवढी वाढली की सारे सोडून द्यावे असे त्यांच्या मनात येऊ लागले. अखेर मार्च १९०६ मध्ये क्विबेकच्या विधिमंडळाने सहकारी संस्थांचा कायदा केला आणि त्या घराने सुटकेचा श्वास घेतला.

सगळ्या देशासाठी असाच कायदा व्हावा ही त्यांची इच्छा मात्र पुरी झाली नाही. १९०८ साली विधेयक खालच्या सभागृहात मंजूर झाले आणि सिनेटमध्ये अवघ्या एका मताने पडले.

मग देजार्दँ यांनी पायपीट आरंभली. सुट्टी मिळाली की आगगाडीने एकेका धर्मग्रामात जायचे, सभा घ्यायची, वह्या कशा ठेवायच्या ते शिकवायचे. १९०८ साली अमेरिकेतील मँचेस्टर गावच्या सेंट मेरी धर्मग्रामाने त्यांना बोलावले. गिरणीत राबायला गेलेल्या फ्रेंच कुटुंबांसाठी तेथे त्यांनी पेढी उभी करून दिली. अमेरिकेतील ती पहिली पतपेढी, आणि आजही ती सेंट मेरीच्याच नावाने चालते.

हे वाचताना आपल्या वसईची आठवण होणे साहजिक आहे. आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली आला आणि १९१८ साली मोन्सेन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने बेसीन कॅथॉलिकचा पाया घातला गेला. लेव्हीशी तिचा थेट संबंध नसेल, पण युरोपातून निघालेला विचार एकच होता आणि येथेही झगा घातलेल्या माणसाने सावकाराचे दार ओळखले होते. आपल्यापैकी कितीतरी जणांचे शिक्षण, विहिरीवरचा पंप, घराचे छप्पर या पायावर उभे आहे. तरीही आज फोनवर दोन मिनिटांत मिळणारे कर्ज घेऊन लग्नाचा मांडव सजतो, आणि वर्षभराने ते घर मिस्साला शेवटच्या बाकावर बसू लागते. शेजारच्या बाकावरच्याला त्याचा पत्ता नसतो.

१९१३ साली पोप दहावे पायस यांनी देजार्दँ यांना संत ग्रेगरी यांच्या नावाचा कमांडर हा किताब दिला. तोवर प्रकृती ढासळू लागली होती. मूत्रपिंडाच्या आजाराने त्यांचा प्रवास बंद पडला, तेव्हा ते घरूनच पत्रे लिहून पेढ्यांना मार्गदर्शन करू लागले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, सकल संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी, लेव्हीतील राहत्या घरी त्यांनी प्राण सोडला. तेव्हा क्विबेकमध्ये शंभराहून अधिक धर्मग्रामांत अशा पेढ्या चालू होत्या.

त्यानंतर त्यांचे चालक अडचणीत सापडले की लेव्हीच्या त्याच घरी येत. दोरिमेनबाई तेथे होत्या, आणि १९३२ साली डोळे मिटेपर्यंत पेढीच्या कामात त्यांचा शब्द मानला जाई.