गाडीखाली भेटलेला हूक

हूकचा नियम आपण सगळ्यांनी पाठ केलाय. अकरावीला एकदा, फर्स्ट इयरला दुसऱ्यांदा आणि व्हायवाच्या आदल्या रात्री तिसऱ्यांदा. पण हा हूक कोण होता, कुठे राहायचा, कसा जगला, हे कुणी विचारत नाही. त्याला मार्क नसतात ना! मीही विचारलं नसतं. पण मागच्या दिवाळीच्या सुट्टीत रूममेटच्या गावी गेले आणि हा माणूस मला चक्क एका पिकअपच्या खाली भेटला. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात ही विनंती.)

ती पिकअप रूममेटच्या दादाची. शेतातून टोमॅटोचे क्रेट बाहेर काढायचे तर ओढ्यातून आणि दगडगोट्यांवरून जावं लागतं, आणि गाडीचं पोट सारखं घासायचं. म्हणून दादाने एका ठिकाणी जाऊन गाडी उंच करून घेतली. मागे ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये तीन इंची लोखंडी ठोकळे, वर एक जादा जाड पाटा, आणि पुढे कॉइल स्प्रिंगवर स्पेसर. गाडी दिसायला एकदम झकास! पण साठच्या पुढे गेली की खालून थरथर सुरू. रिकामी असली की मागची चाकं दगडांवर नुसती उड्या मारायची. आणि एका रात्री भरलेली गाडी घाट चढत असताना प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉसच तुटला. गाडीत काका पण होते. देवाच्या कृपेने कुणाला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून काकूंनी त्या गाडीत पाय ठेवलेला नव्हता.

आम्ही दोघी मेकॅनिकलच्या. साहजिकच दादाने आम्हाला विचारलं की आता नेमके कुठले पार्ट घेऊ? आम्ही दोघी गप्प. चार सेमिस्टर पास झालेल्या पोरी, आणि तोंडातून शब्द नाही!

होस्टेलला परतल्यावर लाज वाटून लायब्ररीत बसलो. जो क्रॉस तुटला त्या जोडाचं पुस्तकातलं नाव हूक्स जॉइंट. पाट्यांचं गणित म्हणजे हूकचा नियम. दोन्हीकडे एकच माणूस. मग मी त्याचं चरित्र वाचायला घेतलं, आणि सबमिशन बाजूलाच राहिलं.

रॉबर्ट हूकचा जन्म १८ जुलै १६३५ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या आइल ऑफ वाइट बेटावर, फ्रेशवॉटर गावी झाला. वडील तिथल्या चर्चमध्ये पाद्री. पोरगं इतकं आजारी असायचं की ते जगेल याची खात्री नव्हती. सारखं डोकं दुखायचं, म्हणून अभ्यास घरीच. पण हात स्वस्थ बसत नसत. एक जुनं पितळी घड्याळ खोललेलं बघून त्याने तसंच लाकडाचं बनवलं आणि ते चाललं. एक छोटं जहाज केलं, त्याच्या तोफा खरोखर उडायच्या. १६४८ मध्ये वडील गेले आणि तेरा वर्षांचा मुलगा लंडनला आला. आधी पीटर लेली या मोठ्या चित्रकाराकडे उमेदवारी केली, पण रंगांच्या वासाने पुन्हा डोकेदुखी. मग वेस्टमिन्स्टर शाळा. तिथले हेडमास्तर रिचर्ड बझबी यांनी त्याला आपल्या घरीच ठेवून घेतलं. युक्लिडची पहिली सहा पुस्तकं त्याने एका आठवड्यात संपवली असं सांगतात. (आपल्याला एक युनिट एका आठवड्यात संपत नाही!) सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याची पाठ वाकू लागली ती कायमची. लेथवर वाकून काम केल्याने असं झालं, असं त्याचं स्वतःचं म्हणणं होतं.

१६५३ मध्ये तो ऑक्सफर्डला गेला. पैसे नव्हतेच. तिथे रॉबर्ट बॉइलने त्याला मदतनीस म्हणून ठेवलं. ज्या हवेच्या पंपावर बॉइलचे प्रसिद्ध प्रयोग झाले तो पंप हूकने बांधला होता. नाव बॉइलचं झालं. यात बॉइलची काही लबाडी नव्हती, तो भला माणूस होता. पण हूकच्या आयुष्यात पुढे हे पुन्हा पुन्हा घडणार होतं.

१६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला प्रयोगांचा क्युरेटर नेमलं. काम काय, तर दर आठवड्याच्या मीटिंगला तीन-चार प्रयोग करून दाखवायचे. सुरुवातीला पगार नाही! आपल्याला आठवड्याला एक प्रॅक्टिकल जड जातं. तो ते वर्षानुवर्षं करत राहिला. १६६५ मध्ये त्याचं मायक्रोग्राफिया हे पुस्तक आलं. सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या पिसवेचं, उवेचं मोठंच्या मोठं चित्र लोकांनी पहिल्यांदा त्यात पाहिलं. बुचाच्या कापात त्याला बारीक खोल्या दिसल्या आणि त्याने त्यांना सेल म्हटलं. बायोलॉजीवाले आजही तोच शब्द वापरतात.

आता आपल्या कामाची गोष्ट. १ मे १६६५ ला सोसायटीची काही मंडळी लंडनजवळ कर्नल ब्लाउंट यांच्या घरी जेवायला गेली. त्यात हूक होता. वाटेत त्यांना सॅम्युअल पीप्स भेटला, तोच तो डायरीवाला, त्यालाही त्यांनी सोबत घेतलं. जेवणानंतर कार्यक्रम होता घोडागाड्यांचे धक्के कमी करण्याच्या प्रयोगांचा. एका गाडीचा अख्खा सांगाडा एकाच लांब स्प्रिंगवर ठेवला होता. सगळे एकेक करून तिच्यात बसले आणि पीप्सला ती फार आवडली. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी हूक सस्पेन्शनच्या टेस्ट राइडला हजर होता! हे वाचल्यावर मी रूममेटला रात्री बारा वाजता उठवलं.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १६६६ मध्ये, लंडन जळलं. चार दिवसांत १३ हजारांहून जास्त घरं आणि ८७ चर्च गेली. शहर पुन्हा उभारण्यासाठी जे सर्व्हेयर नेमले त्यात हूक होता. वाकलेल्या पाठीचा हा माणूस राखेतून फिरून जळलेल्या घरांच्या हद्दी मोजायचा, खुंट्या ठोकायचा, शेजाऱ्यांची भांडणं सोडवायचा. आगीची आठवण म्हणून २०२ फूट उंचीचा जो मॉन्युमेंट स्तंभ १६७७ मध्ये पुरा झाला तो त्याने मित्र क्रिस्टोफर रेन याच्याबरोबर उभारला. नाव मात्र रेनचंच लोकांना माहीत.

स्प्रिंगचा विचार इतकी वर्षं डोक्यात चालूच होता. १६७६ च्या एका पुस्तिकेत त्याने आपला शोध जाहीर केला, पण कसा? चार लॅटिन शब्दांची १४ अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावून नुसती छापून टाकली. कुणी चोरू नये म्हणून! अर्थ उघड केला तो दोन वर्षांनी, १६७८ मध्ये. वीस, तीस, चाळीस फूट लांब तार खिळ्याला टांगायची, खाली पारडं, त्यात वजनं टाकत जायची आणि तार किती लांबली ते मोजायचं. मग गुंडाळलेली स्प्रिंग, घड्याळाची स्प्रिंग, सुकं लाकूड. प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच: जोर दुप्पट तर ताणही दुप्पट.

आता हे दादाच्या पाट्यांना लावून बघूया. समजा रिकाम्या गाडीचं मागच्या एका चाकावर ३०० किलो वजन येतं, म्हणजे साधारण ३००० न्यूटन. पाट्यांचा ताठपणा दर मिलिमीटरला ३० न्यूटन असेल तर पाटे १०० मिलिमीटर दबतील. जाड पाटा घालून ताठपणा ४० केला तर दबतील ७५. गाडी एक इंच वर आली, दुकानदार खूश. पण ही उंची फुकटात नाही. आधी गाडी सेकंदाला सुमारे १.६ वेळा झुलायची, आता १.८ वेळा. रिकामी गाडी कडक झाली, आणि चाकाला खड्ड्यात खाली उतरायला पूर्वी १०० मिलिमीटर होते ते ७५ उरले. म्हणून चाक जमीन सोडतं. म्हणजे उंची आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंची हवी असेल तर जास्त कमान असलेले पाटे घ्यायचे, आणि ताठपणा ठरवायचा तो रोज किती माल भरतो त्यावरून. आधी वजनकाटा, मग कॅटलॉग. हूकनेही आधी पारड्यात वजनं टाकली, नियम नंतर सांगितला.

त्याच १६७६ च्या पुस्तिकेत दुसरी एक वस्तू आहे, तिला त्याने युनिव्हर्सल जॉइंट म्हटलं. आकाशातल्या गोष्टी बघायच्या यंत्रांसाठी त्याला वाकड्या कोनातून फिरणं पोचवायचं होतं. असा जोड त्याच्या आधीही लोकांना माहीत होता. पण हूकच्या लक्षात आलं की एक दांडा एकसारखा फिरला तरी दुसरा एकसारखा फिरत नाही. तो एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे राहतो. कोन ५ अंश असेल तर हा फरक अर्ध्या टक्क्याहून कमी. १० अंशाला दीड टक्का. २० अंशाला सहा टक्के. गाडी उंच केली की नेमका हाच कोन वाढतो. साठच्या स्पीडला शाफ्ट सेकंदाला साधारण ३० फेरे मारतो, म्हणजे ६० हिसके. हीच ती थरथर! शाफ्टच्या दोन टोकांचे दोन जोड सारख्या कोनात असले तर हिसके एकमेकांना मारतात. दादाच्या गाडीत ठोकळे एका बाजूला उतरते होते आणि बसवणाऱ्याने ते उलटे बसवले होते. एक कोन वाढला, दुसरा कमी झाला, आणि मधल्या मधे क्रॉस गेला.

इतकं सगळं ज्याला कळत होतं, त्या माणसाचं पुढे काय झालं? वाचून वाईट वाटतं. १६७५ मध्ये हॉलंडच्या हायगेन्सने स्प्रिंगवर चालणारं खिशातलं घड्याळ जाहीर केलं. हूक चिडला. ही कल्पना त्याला खूप आधी सुचली होती, पण त्याने ती पूर्ण करून लोकांपुढे ठेवली नव्हती. १६८४ मध्ये हूक, रेन आणि हॅली कॉफीहाउसमध्ये ग्रहांच्या गतीवर बोलत होते. जो सिद्ध करून दाखवेल त्याला रेनने ४० शिलिंगांचं पुस्तक बक्षीस लावलं. हूक म्हणाला माझ्याकडे सिद्धता आहे, पण ती त्याने कधीच आणली नाही. हॅली न्यूटनकडे गेला, आणि १६८७ मध्ये न्यूटनचं प्रिन्सिपिया आलं. हूकने श्रेय मागितलं तेव्हा न्यूटनने पुस्तकातले हूकचे उल्लेख कमी करून टाकले. त्याच वर्षी हूकने सांभाळलेली पुतणी ग्रेस वारली. त्यानंतर तो आणखी एकटा, आणखी संशयी होत गेला.

३ मार्च १७०३ रोजी तो गेला. अखेरची वर्षं अगदी कंजूषपणे काढलेली, आणि खोलीत लोखंडी पेटीत सुमारे ८ हजार पौंड सापडले. त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. हूकचं खात्रीचं एकही चित्र आज उरलेलं नाही. न्यूटननेच ते नाहीसं केलं असं लोक बोलतात, पण त्याला पुरावा नाही. पुरलेल्या जागेवरची हाडंही पुढे हलवली गेली. म्हणजे ना चेहरा, ना कबर. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या एका घराच्या कपाटात त्याच्या हस्ताक्षरातली शेकडो पानं सापडली आणि सोसायटीने ती घेतली. तीनशे वर्षांनी कागद घरी आले.

मला वाटतं हूकची चूक हुशारीत नव्हती. अर्धं केलेलं काम त्याने मुठीत धरून ठेवलं आणि ज्याने पुरं केलं त्याच्यावर तो रागावला. आपणही ग्रुप प्रोजेक्टमध्ये हेच करतो. आयडिया माझी होती म्हणून रुसून बसतो, आणि रिपोर्ट लिहितो दुसराच.

म्हणून आम्ही या वेळी रिपोर्ट लिहिला. दादाला दोन पानांचं पत्र, मराठीत! आधी भरलेली आणि रिकामी गाडी काट्यावर घालायला लावली. उंची तीनऐवजी दोनच इंच ठेवली, कारण गाडी जितकी वर तितकी ती कलंडायला सोपी. ठोकळे काढून योग्य कमानीच्या पाट्यांचा पूर्ण सेट घेतला. शॉक ॲब्सॉर्बर त्याच लांबीला जुळणारे, नाहीतर चाक खाली लटकलं की जुना शॉक ताणला जाऊन तुटतो. ब्रेकचा होज पुरतो का ते पाहिलं. ॲक्सलखाली मोजून पाचर, म्हणजे दोन्ही कोन सारखे. शेवटी अलाइनमेंट, आणि हे सगळं आर.टी.ओ.च्या नियमांत बसतं का याची चौकशी. खरं तर ती सगळ्यात आधी करायला हवी होती.

गावच्या मिस्त्रीकाकांनी पत्र वाचलं, दोन ठिकाणी आमचं चुकलेलं दुरुस्त केलं, आणि पाटे बसवले. संक्रांतीला दादाचा फोन आला. गाडी ऐंशीला पण थरथरत नाही म्हणाला. पण मला त्याहून मोठा निकाल रूममेटने नंतर सांगितला. त्या दिवशी काकू तिळगूळ घेऊन मामांकडे गेल्या, त्याच पिकअपमधून, पुढच्या सीटवर बसून.