त्यागमूर्ती माता रमाई

विहाराच्या वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत माता रमाईचे चरित्र थोडक्यात देताना आम्हाला समाधान वाटते. दरवर्षी ७ फेब्रुवारीला आपण तिची जयंती करतो. पण एवढ्या दुःखात तिच्या मनाला आधार कशाचा होता, हे मुलाबाळांना सांगायचे राहून जाते.

रमाईचा जन्म १८९८ साली दापोलीजवळच्या वणंद गावी झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहायचे. आईवडील लवकर वारले आणि पोरकी भावंडं मुंबईला नातलगांकडे आली. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यवहार आटोपल्यावर, रात्री तिचे लग्न लागले. नवरदेव भीमराव तेव्हा शाळेत होते. आपली कर्जत-खोपोलीची लोकल भायखळा, परळ, दादरवरून रोज जाते. तिथेच रमाईचा सारा संसार झाला.

त्या संसारात आनंदाचे दिवसही आले. १९१२ साली यशवंत झाला. १९२३ साली साहेब बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले. पण ते परदेशी असताना रमाईने गवऱ्या थापून घर चालवले. रमेश, गंगाधर, इंदू, राजरत्न ही चार लेकरं डोळ्यांदेखत गेली. राजरत्न गेला जुलै १९२६ मध्ये. पुढे आठच महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते. उरात ते दुःख घेऊन मागे घर सांभाळले ते रमाईने.

रमाई देवभोळी होती, उपासतापास करायची. पंढरपूरला जावे, विठोबाचे दर्शन घ्यावे, एवढीच तिची हौस. पण तिथे आपल्या माणसांना देवळाबाहेर उभे राहावे लागे. बाबासाहेबांनी तिच्या श्रद्धेची थट्टा केली नाही. जिथे भक्ताला दाराशी अडवतात तिथे जायचे नाही, चांगल्या आचरणाने आणि दुबळ्यांच्या सेवेने आपण आपली वेगळी पंढरी उभारू, असे त्यांनी तिला समजावले.

ती पंढरी बघायला मात्र रमाई राहिली नाही. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात तिने देह ठेवला. त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा. तिचा यशवंत, म्हणजे आपले भैयासाहेब, पुढे भारतीय बौद्ध महासभेचे अध्यक्ष झाले.

आज आमच्या वस्तीतली आई-बहीण पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात येते, थेट बुद्धमूर्तीपुढे बसते, मेणबत्ती लावते. घरी कोणाचे आजारपण असेल, कोणाचे काम सुटले असेल. वंदना म्हणताना मन जरा हलके होते. तिला दाराशी कोणी अडवत नाही. रमाईला जे मिळाले नाही ते हेच, असे आम्हाला वाटते. म्हणून तिच्या फोटोला हार घालताना आपल्या घरातल्या रमाईचेही ओझे थोडे उचलावे, ही सर्व उपासकांना नम्र विनंती.

माता रमाईस विनम्र अभिवादन! जय भीम!