जगाला हसविणारा चार्ली

इंग्लंडमधील ऑल्डरशॉट हे लष्करी छावणीचे गाव. १८९४ साली एका रात्री तेथील नाट्यगृहात हॅना चॅप्लिन ही गायिका गात होती. प्रेक्षकांत बहुतेक सैनिकच होते. गाता गाता एकाएकी तिचा आवाज फाटला आणि तोंडातून नुसती कुजबुज उमटू लागली. प्रेक्षकांना तिची दया आली नाही. कोणी हसू लागले, तर कोणी मांजराचे आवाज काढू लागले. शेवटी बिचारी रंगमंच सोडून आत गेली. आता वेळ कशी मारून न्यावी, ह्या चिंतेत व्यवस्थापक पडला. हॅनाचा पाच वर्षांचा मुलगा आतल्या बाजूस उभा होता. त्याला नकला करताना व्यवस्थापकाने पाहिले होते. त्याने मुलाचा हात धरला, त्याला दिव्यांच्या झगझगाटात नेले आणि एकट्याला तेथे सोडून तो निघून गेला.

मुलगा गाऊ लागला. अर्धे गाणे होते न होते तोच रंगमंचावर नाण्यांचा पाऊस पडू लागला. तेव्हा त्याने गाणे थांबविले आणि आधी पैसे गोळा करतो, मग पुढे गातो, असे प्रेक्षकांना सरळ सांगून टाकले. सारे नाट्यगृह खदखदून हसले. व्यवस्थापक नाणी वेचू लागला, तेव्हा हा ती घेऊन जातो की काय, अशी शंका मुलाला आली. पैसे आईच्या हाती पडेपर्यंत त्याने त्याची पाठ सोडली नाही. मग परत येऊन त्याने नकला केल्या आणि भोळेपणाने आईचा फाटलेला आवाजही हुबेहूब काढून दाखविला. त्यालाही हशा आणि टाळ्या मिळाल्या. ती त्याची रंगमंचावरची पहिली रात्र होती आणि त्याच्या आईची शेवटची.

हा मुलगा म्हणजेच पुढे जगभर गाजलेला विनोदी नट चार्ली चॅप्लिन. त्याचा जन्म १६ एप्रिल १८८९ चा. आईप्रमाणे वडीलही गायक होते. परंतु ते दारूच्या आहारी गेले होते आणि घरापासून दूर राहत. आईचा आवाज गेला, तशी तिची कमाईही गेली. शिवणकाम करून ती चार्लीला आणि त्याचा थोरला भाऊ सिडनी ह्याला कसेबसे वाढवू लागली. १८९६ साली तेही अशक्य झाले. तेव्हा लंडनमधील निराधारांच्या आश्रयगृहात तिघांना जावे लागले. तेथे आई एकीकडे आणि मुले दुसरीकडे, अशी ताटातूट झाली. सात वर्षांच्या चार्लीची रवानगी दूरच्या हॅनवेल येथील अनाथ मुलांच्या शाळेत झाली.

अशा दिवसांतही आईने मुलांना एक मोठे धन दिले. ती खिडकीशी बसून रस्त्यावरील माणसे न्याहाळी आणि त्यांच्या चालण्याबोलण्याची हुबेहूब नक्कल करून दाखवी. चालण्यावरून, हात हलविण्यावरून माणसाच्या मनात काय चालले आहे, हे ओळखण्यास चार्ली तिच्याजवळच शिकला.

त्याच काळातील एक प्रसंग त्याच्या मनावर कायमचा कोरला गेला. ते राहत त्या गल्लीच्या टोकाला एक कत्तलखाना होता. एकदा तिकडे नेत असलेले एक मेंढरू कळपातून निसटले. त्याला धरण्यासाठी माणसे धावू लागली, एकमेकांवर आदळू लागली, धडाधड पडू लागली. ती गंमत पाहून लहानगा चार्ली पोट धरधरून हसला. इतक्यात ते मेंढरू सापडले आणि लोक त्याला ओढून नेऊ लागले. आता त्याचे काय होणार, हे चार्लीच्या ध्यानी आले. तो रडत रडत घरी धावला आणि ते त्याला मारणार, असे आईला सांगू लागला. हसू आणि आसू किती जवळ जवळ राहतात, ह्याचा हा त्याला मिळालेला धडा होता.

वयाच्या दहाव्या वर्षापासून तो बालनर्तकांच्या एका पथकातून गावोगाव नाचू लागला. १९०१ साली वडील वारले. १९०३ साली आईचे मानसिक संतुलन बिघडले, तेव्हा चौदा वर्षांच्या चार्लीनेच तिला हात धरून रुग्णालयात नेले. सिडनी त्या वेळी जहाजावर नोकरीस होता. घरात चार्ली एकटाच उरला. परंतु तो खचला नाही. नाटक मंडळ्यांच्या कचेरीत खेटे घालून त्याने लवकरच एका नाटकात काम मिळविले. अडचण एकच होती: त्याला धड वाचता येत नव्हते! सिडनीने त्याची भाषणे वाचून दाखविली आणि त्याने ती तीन दिवसांत तोंडपाठ केली. ह्यानंतर ‘शेरलॉक होम्स’ ह्या नाटकातील पोऱ्याचे काम त्याने इतके झकास केले, की वृत्तपत्रांनीही त्याची दखल घेतली.

१९०८ साली तो फ्रेड कार्नोच्या मंडळीत दाखल झाला. ह्या मंडळीचे खेळ शब्दांपेक्षा हावभावांवर चालत. घसरणे, पडणे, नेमक्या क्षणी थबकणे ह्या गोष्टी किती सरावाने साधतात, ते चार्ली येथे शिकला. ह्याच मंडळीबरोबर तो अमेरिकेस गेला आणि तेथे एका चित्रपट कंपनीने आठवड्याला १५० डॉलर पगार देऊन त्याला आपल्याकडे घेतले.

ते मूकपटांचे दिवस होते. १९१४ साली एके दिवशी त्याला विनोदी वेष करून येण्यास सांगण्यात आले. त्याने ढगळ विजार घातली, वर तंग कोट चढविला, मोठाले बूट आणि लहानशी टोपी घातली, आखूड मिशी लावली आणि हाती लवचीक छडी घेतली. त्यातून जन्मास आला एक भटक्या! तो कफल्लक आहे, पण ऐट मात्र सरदाराची. तो पडतो, मार खातो, पण लगेच उठून कपडे झटकतो, टोपी सावरतो आणि छडी फिरवीत चालू लागतो. त्याला पाहून लोक हसत. पण त्याला कोणी तुच्छ मानीत नसे. प्रत्येकाला वाटे, हा आपल्यापैकीच एक आहे.

त्या कंपनीचे चित्रपट म्हणजे नुसती पळापळ असे. चार्लीने योजलेले बारकावे कापून टाकले जात. ह्याचा त्याला फार खेद होई. आपला विनोद आपल्या मनाप्रमाणे दाखवावयाचा, तर दिग्दर्शनही आपणच केले पाहिजे, असे त्याने ठरविले आणि काही महिन्यांतच तो हक्क मिळविला. १९१६ साली त्याची कमाई आठवड्याला १०,००० डॉलरवर गेली. ह्या पैशातून त्याने विकत घेतली ती स्वतंत्रता. १९१८ साली हॉलिवूडमध्ये त्याचा स्वतःचा स्टुडिओ सुरू झाला आणि १९१९ साली त्याने तीन मित्रांसह ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ ही संस्था स्थापन केली. नट, दिग्दर्शक, निर्माता अशी तिन्ही कामे आता त्याच्याच हाती आली.

मालक झाला म्हणून तो सैलावला नाही. मनासारखे होईपर्यंत तो एकेक प्रसंग पुनःपुन्हा चित्रित करी. त्यामुळे बरोबरीचे लोक थकून जात, कधी रडकुंडीस येत. ‘सिटी लाइट्स’ ह्या चित्रपटात एक आंधळी फूलवाली भटक्याला श्रीमंत समजते. तिचा असा समज कसा व्हावा, हे चार्लीला कित्येक महिने सुचेना. अखेर त्याने उपाय शोधला. भटक्या एका उभ्या मोटारीतून पलीकडे येतो, मोटारीचे दार खाडकन लागते आणि तो आवाज ऐकून त्या मुलीला वाटते, कोणी धनिकच उतरला! हा लहानसा प्रसंग त्याने तीनशेहून अधिक वेळा चित्रित केल्याचे सांगतात. हा चित्रपट १९३१ साली झळकला. तेव्हा सगळीकडे बोलपट सुरू झाले होते, तरी चार्लीने आपल्या भटक्याला मुकाच ठेवला. आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतले.

बालपणाची गरिबी तो विसरला नव्हता. १९२१ च्या ‘द किड’मध्ये भटक्याने वाढविलेल्या पोरक्या पोराला अनाथालयात नेण्यासाठी अधिकारी येतात, तेव्हा भटक्या छपरांवरून धावत जाऊन त्याला सोडवितो. हॅनवेलच्या शाळेत चार्लीला सोडविण्यास असे कोणी आले नव्हते. त्याच वर्षी त्याने आईला अमेरिकेत आणविले आणि अखेरपर्यंत तिची नीट काळजी घेतली. १९२५ च्या ‘द गोल्ड रश’मध्ये भुकेने व्याकुळ झालेला भटक्या बूट उकडून मोठ्या रुचीने खातो. तो बूट ज्येष्ठमधापासून बनविलेला होता. परंतु त्यातील भूक मात्र खरी होती.

१९३१ साली महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असता चार्ली त्यांना भेटला. यंत्रांना त्यांचा विरोध का, हे त्याने त्यांना विचारले. १९३६ साली त्याने ‘मॉडर्न टाइम्स’ काढला. त्यात यंत्राबरोबर हात हालवून हालवून यंत्रच बनलेला मजूर आहे.

चार्लीच्या जन्मानंतर चारच दिवसांनी जर्मनीच्या हिटलरचा जन्म झाला होता. त्याचीही मिशी आखूड होती! परंतु एक जगाला हसवीत होता आणि दुसरा जगाला भयभीत करीत होता. १९४० साली चार्लीने ‘द ग्रेट डिक्टेटर’ काढून ह्या हुकूमशहाची सर्वांदेखत खिल्ली उडविली. त्यासाठी त्याने स्वतःचे पैसे घातले आणि मौन सोडून पडद्यावर प्रथमच भाषण केले.

पुढील काळ कठीण गेला. त्याच्या राजकीय मतांविषयी अमेरिकेत संशय घेतला जाऊ लागला. त्याच्या खाजगी जीवनावरही टीका झाली. १९५२ साली तो इंग्लंडला निघाला असता त्याचा परतीचा परवाना रद्द झाला. तेव्हा तो पत्नी ऊना आणि मुले ह्यांच्यासह स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाला. वीस वर्षांनी, १९७२ साली, त्याच अमेरिकेने त्याला सन्मानाने बोलाविले. म्हातारा चार्ली रंगमंचावर येताच सारे सभागृह उभे राहिले आणि कित्येक मिनिटे टाळ्या थांबेनात. १९७५ साली इंग्लंडच्या राणीने त्याला ‘सर’ ही पदवी दिली. २५ डिसेंबर १९७७ रोजी, नाताळच्या दिवशी, त्याची प्राणज्योत मालवली.

ऑल्डरशॉटच्या प्रेक्षकांनी एका असहाय स्त्रीला हसून घालवून दिले होते. तिच्या मुलाने जन्मभर लोकांना हसविले. पण दुबळ्याला हसावयास शिकविले नाही. त्याने फजिती केली ती गर्विष्ठांची आणि जुलमी लोकांची. पडणाऱ्याला पाहून हसू आले, तरी त्याच वेळी त्याला हात द्यावासा वाटावा, असा त्याचा विनोद होता. म्हणूनच, एक शब्दही न बोलता, तो साऱ्या जगाला कळला.